दिलदार शत्रू : सुलतान सलाहुद्दीन

गर्दीच्या बसमध्ये एखाद्या स्त्रीला उठून जागा देणे, तिच्यासाठी दार उघडून धरणे, वृद्धाच्या हातातील जड पिशवी आपल्या हाती घेणे. शिव्हलरी या शब्दाचा अर्थ आज साधारणपणे एवढ्यापुरताच उरला आहे. आणि आता तेवढीही कोठे पाहायला मिळत नाही, अशी खंत अधूनमधून ऐकू येते. मूळ शब्द मात्र बैठकीच्या खोलीतला नव्हे, रणांगणावरचा आहे. फ्रेंच भाषेतील घोडेस्वारावरून तो आला. अरबी भाषेत घोड्याला फरस म्हणतात आणि त्यावरून तेथेही याच अर्थाचा फुरुसिया हा शब्द रूढ झाला. दोन्हींचा आशय आपल्याकडील क्षात्रधर्माच्या जवळ जाणारा आहे. आपल्या हाती शस्त्र आहे, समोर शत्रू असहाय आहे आणि आपल्याला जाब विचारणारा कोणी नाही, अशा क्षणी योद्ध्याने कसे वागावे, हा या धर्माचा गाभा होय.

मध्ययुगीन युरोपने या वीरधर्माची संहिता रचली, त्याचे गोडवे गायले. पण त्याचा आदर्श म्हणून त्याच युरोपने ज्यांची नावे घेतली, त्यांत एक नाव शत्रूचे होते. ज्याने जेरुसलेम जिंकून घेतले आणि ज्याच्याविरुद्ध लढण्यासाठी तीन राजे सैन्यासह निघाले, तो सुलतान सलाहुद्दीन अय्युबी. युरोपीय त्याला सलादिन म्हणतात. महाकवी दान्तेने आपल्या महाकाव्यात त्याला नरकयातनांतून वगळले आणि प्राचीन काळातील थोर, सद्गुणी पुरुषांच्या जवळ स्थान दिले. तेराव्या शतकातील एका फ्रेंच काव्यात तर एक ख्रिस्ती कैदी सलाहुद्दीनला सरदारकीची दीक्षा कशी देतात ते दाखवतो, असे कथानक आहे. असा माणूस आपल्यापैकी नसावा, ही चुटपुट त्यामागे असावी.

हा लौकिक कितपत खरा होता? त्याला मर्यादा कोणत्या होत्या? आणि त्या वीरधर्मातील आज काय शिल्लक आहे? सलाहुद्दीनच्या चरित्रातच या प्रश्नांची उत्तरे शोधता येतात.

तिक्रितचा युसूफ

सलाहुद्दीनचा जन्म ११३७-३८ च्या सुमारास आजच्या इराकमधील तैग्रिस नदीकाठच्या तिक्रित येथे झाला. त्याचे नाव युसूफ. सलाहुद्दीन ही पुढे मिळालेली पदवी. घराणे कुर्द. वडील नज्मुद्दीन अय्युब तिक्रितचे किल्लेदार होते. त्यांचा भाऊ शिरकुह तापट स्वभावाचा. त्याच्या हातून एक खून झाला आणि कुटुंबाला तिक्रित सोडावे लागले. युसूफचा जन्म झाला त्याच रात्री हे कुटुंब बाहेर पडले, असे सांगतात.

त्यांना आश्रय दिला तो मोसुलचा सत्ताधीश झंगी याने. काही वर्षांपूर्वी पराभूत होऊन माघार घेणाऱ्या झंगीला याच अय्युबने नदीपार होण्यास मदत केली होती. त्या उपकाराची ही परतफेड होती. संकटात दाखवलेले सौजन्य वाया जात नाही, हा धडा युसूफला पाळण्यातच मिळाला म्हणायचा.

त्याचे तरुणपण दमास्कसमध्ये गेले. घोड्यावरून खेळल्या जाणाऱ्या चौगानात तो तरबेज होता, धर्मशास्त्राच्या अभ्यासाची त्याला गोडी होती. युद्धाची मात्र फारशी हौस नव्हती. झंगीचा मुलगा नूरुद्दीन याने शिरकुहला इजिप्तच्या मोहिमेवर धाडले, तेव्हा पुतण्याला जवळजवळ मनाविरुद्धच सोबत जावे लागले.

या मोहिमांपैकी ११६७ च्या मोहिमेत अलेक्झांड्रिया शहर राखण्याची जबाबदारी तरुण सलाहुद्दीनवर आली. जेरुसलेमचा ख्रिस्ती राजा अमाल्रिक याने शहराला वेढा दिला होता. अखेर तह झाला. तहानंतर सलाहुद्दीन काही दिवस शत्रूच्याच छावणीत पाहुणा म्हणून राहिला. आपल्या जखमी सैनिकांना नेण्यासाठी त्याने अमाल्रिककडे जहाजे मागितली आणि अमाल्रिकने ती दिली. काल एकमेकांचे गळे कापायला निघालेली माणसे आज एका ताटात जेवू शकतात, हे त्याने येथे पाहिले.

वझीर ते सुलतान

मार्च ११६९ मध्ये शिरकुहचा कैरो येथे अकस्मात मृत्यू झाला. इजिप्तच्या फातिमी खलिफाने वझीरपदासाठी सलाहुद्दीनची निवड केली. वय लहान, अनुभव कमी, तेव्हा हा आपल्या मुठीत राहील, असा दरबाराचा होरा होता. तो पार चुकला. सुमारे अडीच वर्षांत फातिमी खिलाफत संपुष्टात आली आणि इजिप्तचा कारभार सलाहुद्दीनच्या हाती आला. राजवाड्यातील अमाप संपत्ती त्याने वाटून टाकली, स्वतःसाठी काही ठेवले नाही.

मात्र याच काळातील एक काळे पान उलटून पुढे जाता येणार नाही. ११६९ च्या उन्हाळ्यात फातिमी खलिफाच्या कृष्णवर्णीय पायदळाने बंड केले. ते मोडण्यासाठी या सैनिकांची वस्तीच पेटवून देण्यात आली. तेथे त्यांची बायकामुले राहत होती. सत्ता डळमळीत असताना सलाहुद्दीनच्या हातूनही औदार्य सुटले, हे लक्षात ठेवले पाहिजे.

११७४ मध्ये नूरुद्दीन मरण पावला आणि सलाहुद्दीनने दमास्कस घेतले. पुढची बारा वर्षे त्याने ख्रिस्ती राज्यांपेक्षा स्वधर्मीय प्रतिस्पर्ध्यांशीच अधिक झुंज दिली. आपल्या जुन्या धन्याच्या वारसांचे राज्य त्याने गिळले, हा आक्षेप त्याच्यावर तेव्हाही होता. याच संघर्षातील एक प्रसंग बोलका आहे. ११७६ मध्ये अलेप्पोजवळील अझाझचा किल्ला त्याने महिनाभराहून अधिक काळ वेढा देऊन जिंकला. तहाची बोलणी झाली तेव्हा अलेप्पोकरांनी नूरुद्दीनच्या लहान मुलीला त्याच्या छावणीत पाठवले. तुला काय हवे, असे सुलतानाने विचारताच तिने शिकवल्याप्रमाणे अझाझचा किल्ला मागितला. सलाहुद्दीनने तो परत दिला आणि भेटवस्तू देऊन मुलीची पाठवणी केली. आपल्याला भरीला घातले जात आहे हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता.

केरकचा बुरूज

११८३ च्या अखेरीस त्याने आजच्या जॉर्डनमधील केरकच्या किल्ल्याला वेढा दिला. किल्ल्याचा मालक रेनाल्ड ऑफ शातिलाँ हा त्याचा कट्टर वैरी. त्याच वेळी किल्ल्यात लग्न चालू होते. जेरुसलेमच्या राजाची सावत्र बहीण इसाबेला हिचा विवाह रेनाल्डच्या सावत्र मुलाशी होत होता. एका ख्रिस्ती बखरकाराने लिहून ठेवले आहे की, वराच्या आईने लग्नाच्या जेवणातील पक्वान्ने सुलतानाच्या छावणीत पाठवली. सलाहुद्दीनने आभार मानले आणि वधूवर कोणत्या बुरुजात उतरले आहेत याची चौकशी केली. त्या बुरुजावर दगड टाकू नयेत, असा हुकूम त्याने यंत्रे चालवणाऱ्यांना दिला.

वेढा मात्र त्याने उठवला नाही. इतर बुरुजांवर दगडांचा मारा चालूच राहिला. जेरुसलेमहून मदत येत असल्याचे कळले तेव्हाच तो मागे हटला. ही कथा सांगताना पुष्कळदा हा उत्तरार्ध गाळला जातो. वीरधर्म युद्ध थांबवत नव्हता. युद्धातही काही गोष्टी करायच्या नसतात, एवढेच तो सांगत होता.

हत्तीनचे रण

तहाचा शब्द मोडणे हे सलाहुद्दीनच्या लेखी सर्वांत मोठे पाप होते आणि रेनाल्डने ते पुनःपुन्हा केले. तह अमलात असताना त्याने मुस्लिमांच्या काफिल्यावर हल्ला केला, माल लुटला, माणसे कैद केली. स्वतःच्या राजाने सांगूनही ती सोडली नाहीत. हा माणूस हाती लागला तर आपण त्याला स्वतः ठार करू, अशी शपथ सलाहुद्दीनने घेतली.

४ जुलै ११८७ रोजी गॅलिलीच्या सरोवराजवळ हत्तीनच्या टेकड्यांवर ख्रिस्ती सैन्याचा दारुण पराभव झाला. भर उन्हाळा, पाण्याचा थेंब नाही, वाऱ्याच्या दिशेने मुस्लिमांनी पेटवलेल्या गवताचा धूर. तहानेने व्याकूळ झालेले सैन्य शरण आले. राजा गी द लुझिन्याँ आणि रेनाल्ड दोघेही सुलतानाच्या तंबूत आणले गेले. सलाहुद्दीनने राजाला शेजारी बसवले आणि बर्फाने गार केलेले पेय दिले. राजाने काही घोट घेऊन प्याला रेनाल्डच्या हाती दिला. तेव्हा सुलतानाने दुभाष्याकरवी राजाला बजावले, की हे पेय रेनाल्डला त्याने दिले आहे, आपण नव्हे. कैद्याला आपल्या हाताने अन्नपाणी दिले की त्याच्या जिवाला अभय मिळते, असा अरबांचा रिवाज होता. थोड्या वेळाने त्याने रेनाल्डवर स्वतः तलवार चालवली. भेदरलेल्या राजाला मात्र त्याने धीर दिला. राजे राजांना मारत नसतात, असे सांगितले.

दुसऱ्या दिवशी तिबेरियासचा किल्ला शरण आला. किल्ल्याची मालकीण, त्रिपोलीच्या काउंटची पत्नी एशिवा हिला त्याने परिवारासह सुखरूप जाऊ दिले. आणि त्यानंतरच्या दिवशी टेम्प्लर व हॉस्पिटलर या लढाऊ धर्मसंघांच्या सुमारे दोनशे कैद्यांची त्याच्या आज्ञेने कत्तल झाली. हे संघ कधी तह मानत नाहीत, खंडणी भरून सुटत नाहीत आणि पुन्हा लढायला येतात, असे त्याचे गणित होते. सामान्य सैनिक गुलाम म्हणून विकले गेले. ते इतके होते की दमास्कसच्या बाजारात गुलामांचे भाव कोसळले. राजाला गार पेय, उमराव स्त्रीला सोबत आणि साध्या शिपायाच्या गळ्यात दोर, अशी ही त्या काळच्या वीरधर्माची उतरंड होती. युरोपातील सरदारही याहून वेगळे वागत नव्हते.

जेरुसलेमची शरणागती

हत्तीननंतर एकेक शहर सलाहुद्दीनच्या हाती पडत गेले. रणातून निसटलेला बेलियन ऑफ इबेलिन हा ख्रिस्ती सरदार तेव्हा टायर बंदरात होता. त्याची पत्नी मारिया आणि मुले जेरुसलेममध्ये अडकली होती. त्यांना घेऊन येण्याची परवानगी त्याने शत्रूकडेच मागितली. शहरात एकच रात्र राहायचे आणि शस्त्र धरायचे नाही, या शपथेवर सुलतानाने ती दिली. बेलियन शहरात पोहोचला तेव्हा लोकांनी त्याला गराडा घातला. आमचे रक्षण कर, असा आग्रह धरला. बेलियन पेचात पडला. त्याने सलाहुद्दीनला आपली अडचण कळवली आणि शपथेतून मोकळे करण्याची विनंती केली. सलाहुद्दीनने त्याला मोकळे केले. एवढेच नव्हे, तर त्याच्या पत्नीला आणि मुलांना सुखरूप पोहोचवण्यासाठी आपली माणसे दिली. मग बेलियन त्याच्याविरुद्ध जेरुसलेमच्या तटावर उभा राहिला.

वेढा २० सप्टेंबर ११८७ रोजी सुरू झाला. तटाला खिंडार पडले तेव्हा बेलियन तहाची बोलणी करण्यास आला. ८८ वर्षांपूर्वी, १०९९ मध्ये, पहिल्या क्रुसेडच्या सैन्याने याच शहरात शिरून मुस्लिम आणि ज्यू रहिवाशांची सरसकट कत्तल केली होती. तिचा सूड घेण्याची भाषा सलाहुद्दीनच्या छावणीत होती आणि शहर तलवारीच्या बळावरच घेण्याचे त्यानेही ठरवले होते. त्यावर बेलियनने निर्वाणीचा इशारा दिला. आम्हाला अभय नसेल तर आमच्या ताब्यातील हजारो मुस्लिम कैदी मारू, पवित्र स्थाने उद्ध्वस्त करू आणि मगच मरू, असे तो म्हणाला. तेव्हा जेरुसलेमला मिळालेले अभय हे निव्वळ दयेपोटी नव्हते, त्यात सौदाही होता. पण शब्द एकदा दिल्यावर तो कसा पाळायचा, हे सर्वस्वी विजेत्याच्या हाती होते.

पुरुषाला दहा दिनार, स्त्रीला पाच आणि मुलाला एक, असे सुटकेचे मोल ठरले. ते भरण्यासाठी ४० दिवसांची मुदत होती. ज्यांच्याकडे काहीच नव्हते अशा ७ हजार गरिबांसाठी ३० हजार दिनारांची ठोक रक्कम स्वीकारण्यात आली. २ ऑक्टोबर रोजी सुलतानाचे सैन्य शहरात शिरले. लूट झाली नाही, कत्तल झाली नाही. रस्त्यांवर आणि वेशींवर पहारे बसवले गेले.

पैसे न भरू शकणाऱ्यांच्या रांगा पाहून सलाहुद्दीनचा भाऊ अल आदिल याने हजार माणसे आपल्याला इनाम मागितली आणि लगोलग सोडून दिली. मग धर्मगुरूला आणि बेलियनलाही अशीच शेकडो माणसे सोडवून घेण्याची मुभा मिळाली. वृद्धांना सलाहुद्दीनने स्वतः मोकळे केले. ज्यांचे पती वा वडील युद्धात मेले किंवा कैदेत होते अशा स्त्रिया रडत त्याच्यापुढे आल्या. जे कैदेत होते त्यांना सोडण्याचे त्याने वचन दिले आणि विधवांना व अनाथांना आपल्या खजिन्यातून मदत केली. ख्रिस्ती धर्मगुरू हेराक्लियस स्वतःचे दहा दिनार भरून चर्चची संपत्ती गाड्यांवर लादून निघाला. ती जप्त करावी, असे सल्लागारांनी सुचवले. सलाहुद्दीनने नकार दिला. करार झाला होता.

त्या संपत्तीतून हजारो गरीब सुटू शकले असते. ते सुटले नाहीत. सुलतानाचा चिटणीस इमादुद्दीन याच्या नोंदीनुसार सुमारे १५ हजार लोक अखेर गुलामगिरीत गेले आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया व मुले होती. त्यांच्या वाट्याला काय आले, तेही त्याने लिहून ठेवले आहे. सलाहुद्दीनच्या औदार्याची गाथा सांगताना या १५ हजारांना विसरणे हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरेल. दया ही देणाऱ्याची मर्जी असते. ती कितीही मोठ्या मनाची असली तरी कोठेतरी थांबते आणि ती थांबते तेथे उभे असलेल्याला दाद मागण्याची जागा नसते.

औदार्याची किंमत

सोडून दिलेल्या सैनिकांची आणि सरदारांची टायर बंदरात गर्दी झाली. हेच बंदर पुढे ख्रिस्ती प्रतिहल्ल्याचा पाया बनले. अरब इतिहासकार इब्न अल असीर याने याबद्दल सुलतानाला दोष दिला आहे. शत्रूला जागोजागी सोडून त्याने टायर भरले, असा त्याचा आक्षेप. ११८८ मध्ये सलाहुद्दीनने राजा गीलाही मुक्त केले. पुन्हा शस्त्र धरणार नाही, अशी शपथ राजाने घेतली. काफरांना दिलेला शब्द बंधनकारक नाही, असा निर्वाळा त्याला आपल्या धर्मगुरूंकडून मिळाला आणि ऑगस्ट ११८९ मध्ये त्याने अक्को बंदराला वेढा घातला.

हा वेढा जवळजवळ दोन वर्षे चालला. सुलतानाचा चरित्रकार बहाउद्दीन इब्न शद्दाद या काळात त्याच्यासोबत होता. त्याने पाहिलेला एक प्रसंग असा : एका ख्रिस्ती स्त्रीचे तीन महिन्यांचे मूल मुस्लिम चोरांनी रात्री तंबूतून पळवले. आकांत करणाऱ्या तिला तिच्याच लोकांनी सुलतानाकडे जाण्यास सांगितले. ती सीमा ओलांडून आली. मूल बाजारात विकले गेल्याचे कळले, तेव्हा सलाहुद्दीनने खरेदीदाराला पैसे देऊन ते सोडवले आणि आईच्या हाती दिले. तिने ते छातीशी धरले तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मग तिला घोड्यावर बसवून तिच्या छावणीत पोहोचवण्यात आले.

सिंह आणि सुलतान

जून ११९१ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड अक्कोपुढे दाखल झाला. आल्या आल्या तो तापाने आजारी पडला. सलाहुद्दीनकडून त्याला फळे आणि बर्फ पाठवण्यात आले. या देवाणघेवाणीत निव्वळ सौजन्य होते असे नाही. दोन्हीकडचे दूत भेटीच्या निमित्ताने शत्रूच्या तब्येतीचा आणि तयारीचा अंदाज घेत होते.

१२ जुलै रोजी अक्को शरण आले. कैद्यांच्या बदल्यात २ लाख दिनार, ख्रिस्ती कैदी आणि येशूच्या क्रूसाचा अवशेष देण्याचे ठरले. पैसे व कैदी सोपवण्यास विलंब झाला, दोन्ही बाजूंना परस्परांचा विश्वास वाटेना. २० ऑगस्ट रोजी रिचर्डने सुमारे २,७०० मुस्लिम कैद्यांना दोरांनी बांधून शहराबाहेर आणले आणि सलाहुद्दीनच्या सैन्याच्या डोळ्यांदेखत ठार केले. युरोपात वीरधर्माचा मुकुटमणी म्हणून गाजलेल्या सिंहहृदयी रिचर्डचे हे कृत्य. आणि सलाहुद्दीनही या धक्क्यातून निर्मळ राहिला नाही. त्यानंतर काही काळ हाती लागलेल्या ख्रिस्ती कैद्यांना त्याने सूड म्हणून मारवले.

तरीही वर्षभराने दोघांनी तह केला. २ सप्टेंबर ११९२ रोजी झालेल्या या तहानुसार किनारपट्टी ख्रिस्त्यांकडे राहिली, जेरुसलेम मुस्लिमांकडे राहिले आणि नि:शस्त्र ख्रिस्ती यात्रेकरूंना तेथे येण्याची मोकळीक मिळाली. आपल्या पत्राशिवाय कोणाला येऊ देऊ नये, असा निरोप रिचर्डने धाडला होता. फ्रेंचांवरचा राग त्यामागे होता. दूरदेशाहून दर्शनासाठी आलेल्यांना अडवणे योग्य नाही, असे कळवून सलाहुद्दीनने सर्वांना वाट खुली ठेवली. रिचर्ड आणि सलाहुद्दीन यांची समोरासमोर भेट मात्र कधीच झाली नाही.

४७ दिरहम

४ मार्च ११९३ रोजी दमास्कस येथे सलाहुद्दीनचे निधन झाले. वय अवघे पंचावन्न-छप्पन्न. नाईलपासून तैग्रिसपर्यंत ज्याचा शब्द चालत होता, त्याच्या खासगी तिजोरीत ४७ चांदीचे दिरहम आणि सोन्याचे एक नाणे निघाले. घर, जमीन, बाग, काही नाही. दफनाच्या खर्चासाठी उसने पैसे घ्यावे लागले. त्याच्या राज्यासाठी मुलांमध्ये आणि भावात लवकरच भांडणे जुंपली.

दमास्कसच्या उमय्यद मशिदीशेजारी त्याची कबर आहे. १८९८ मध्ये जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म तेथे गेला. त्याने अर्पण केलेले काशाचे सोनेरी पुष्पचक्र १९१८ मध्ये ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स याने काढून नेले. ते लंडनच्या इम्पीरिअल वॉर म्युझियमकडे सोपवण्यात आले.

आज काय उरले?

सलाहुद्दीनच्या काळात कैद्याला जगवायचे की मारायचे, हे विजेत्याच्या मनावर होते. १८६४ च्या पहिल्या जिनिव्हा कराराने जखमी सैनिकाच्या शुश्रूषेला कायद्याचे रूप दिले. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी युद्धकैद्यांना मारणे तर निषिद्ध ठरवलेच, शिवाय त्यांच्यावर सूड उगवण्यासही बंदी घातली. हत्तीननंतरची कत्तल आणि अक्कोची कत्तल, दोन्ही आज युद्धगुन्हे ठरतील. ज्या साध्या शिपायाला जुन्या वीरधर्मात स्थानच नव्हते, त्याला हे संरक्षण हक्काने मिळाले. डिसेंबर १९७१ मध्ये ढाका येथील शरणागतीनंतर भारताच्या ताब्यात आलेले सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धबंदी १९७४ पर्यंत मायदेशी परतले. त्यांतील एकालाही सुटकेचे दहा दिनार मोजावे लागले नाहीत.

पण कायदा लिहिला गेला म्हणून हात आपोआप थांबत नाहीत. ते कोणाला तरी थांबवावे लागतात. २० डिसेंबर १९४३ रोजी जर्मनीच्या आकाशात फ्रान्झ स्टिग्लर या जर्मन वैमानिकासमोर चार्ली ब्राऊन या अमेरिकन वैमानिकाचे चाळण झालेले बॉम्बफेकी विमान आले. आत जखमी माणसे दिसत होती. स्टिग्लरने गोळी झाडली नाही, उलट विमानाला समुद्रापर्यंत सोबत केली. हे उघडकीस आले असते तर त्याला लष्करी न्यायालयापुढे उभे राहावे लागले असते. दोघांची भेट झाली ती १९९० मध्ये. जुलै १९९९ मध्ये कारगिलच्या टायगर हिलवर पाकिस्तानी सैन्याचा कॅप्टन कर्नल शेर खान लढताना मारला गेला. त्याच्या शौर्याची दखल घेणारी चिठ्ठी भारताचे ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्याच्या मृतदेहासोबत पाठवली. पाकिस्तानने पुढे त्याला निशान-ए-हैदर हा सर्वोच्च सन्मान दिला. आणि त्याच युद्धाच्या आरंभी गस्तीवर असताना पकडले गेलेले कॅप्टन सौरभ कालिया व त्यांचे पाच सहकारी यांचे मृतदेह छळाच्या खुणांसह परत आले, अशी भारताची तक्रार आहे. एकाच डोंगररांगेत, एकाच उन्हाळ्यात या दोन्ही गोष्टी घडल्या.

त्यामुळे वीरधर्माचे एक सुवर्णयुग होते आणि ते आता सरले, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. ते तेव्हाही दुर्मिळच होते. एकाच माणसाच्या हातून एकाच आठवड्यात औदार्य आणि क्रौर्य दोन्ही घडत होते. आजही तसेच घडते. फरक पडला तो इतकाच, की ज्याला तेव्हा कृपा म्हणत, त्याला आज हक्क म्हणतात आणि तो डावलणाऱ्याला निदान नाव ठेवता येते. तो हक्क प्रत्यक्षात उतरवणारा माणूस मात्र घडवावाच लागतो.

बहाउद्दीनने नोंदवलेला एक प्रसंग या दृष्टीने मोलाचा आहे. अक्कोच्या वेढ्याच्या काळात बैरूतहून पकडून आणलेले ४५ ख्रिस्ती कैदी सुलतानापुढे उभे केले गेले. त्यांत दात पडलेला, चालण्याचेही त्राण नसलेला एक म्हातारा होता. इतक्या वयात इतक्या दूर कशासाठी आलास, असे सुलतानाने विचारले, तेव्हा केवळ यात्रेसाठी आलो, असे तो म्हणाला. सलाहुद्दीनने त्याला पैसे दिले आणि घोड्यावर बसवून शत्रूच्या छावणीत परत पाठवले. तेवढ्यात सुलतानाच्या लहान मुलांनी, आम्हाला एखादा कैदी मारू द्या, अशी परवानगी मागितली. त्याने ती नाकारली. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, की या वयात त्यांना रक्त सांडण्याची सवय लागू नये, त्यांना त्याचे काहीच वाटेनासे होईल.